साहेबांच्या पंखातला वाल

पेणपासून रोह्यापर्यंत डिटेक्टिव एकच, आणि ती मी. पोलिसांना मी त्यात धरत नाही. त्यांना ते काम लावून दिलेलं असतं. माझ्यात ते उपजत आहे. नाव हौसा. शिक्षण दुसरीपर्यंत. तिसरीत गेले नाही, कारण गुरुजींची हरवलेली छत्री मी भर वर्गात त्यांच्याच काखेतून काढून दिली, आणि त्यानंतर आमचं दोघांचं पटलं नाही. नजर अशी, की दूधवाला दारात उभा राहिला की पाणी कुठल्या विहिरीचं ते आधी ओळखते, मग भांडं पुढं करते. कान असा, की शेजारणीच्या कढईत काय पडलं ते फोडणीच्या आवाजावरून सांगते. नाकाबद्दल मी काही बोलत नाही. आपल्याच तोंडानं आपलं कौतुक करायची मला सवय नाही.

हाती घेतलेली एकही केस आजवर सुटल्याशिवाय राहिलेली नाही. काही तर दोनदा सुटल्या, दोन वेगळ्या माणसांवर.

डिटेक्टिवला असिस्टंट लागतो. तो मला लग्नातच मिळाला. त्यांचं नाव मी सांगत नाही. आमच्यात बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात, आणि खुनाच्या तपासात उखाणा कुठं घालत बसणार? खुनाची केस अजून आलेली नाही, पण आली तर तयारी असावी. तेव्हा या गोष्टीत ते 'आमचे हे'. त्यांचं काम पिशवी धरायची आणि 'व्हय' म्हणायचं. दोन्ही चांगलं करतात. पिशवी जरा जास्त चांगली धरतात.

तर केस अशी.

माझी नात मालू. हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करते. डोळे आखायचं काम तिच्याकडं, म्हणजे हात किती स्थिर ते समजा. तिला रोह्याचं स्थळ आलं. मुलगा पुंडलिक, कंपनीत शिफ्टला जातो. त्याची चौकशी मी जातीनं केली. दारू नाही, तंबाखू नाही, उधळेपणा नाही. पाखरांचा तेवढा नाद. पडवीत पिंजरे टांगून लव्हबर्ड पाळतो. मालू म्हणते, "आजी, ते लव्हबर्ड नाय, बजी म्हणतात त्यांना." मी म्हटलं, "लव्हबर्डच म्हण. बजी ऐकलं की भूक लागते."

मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत. इतकी, की माझी पसंती कुणी विचारली नाही, म्हणून मी ती आपणहून दिली. पुंडलिकनं मालूला पिंजऱ्यासकट एक पाखरू दिलं. हिरवं, पिवळ्या तोंडाचं, चिमटीएवढं. पण दांडीवर बसायचं ते असं, जसं काय तहसील त्याच्या नावावर आहे. मालूनं नाव ठेवलं 'साहेब'.

पिंजरा देताना पुंडलिकची आजी, गोदूबाई, सगळ्यांदेखत बोलली, "सांभाळा हां पाखराला. आमच्या घरचं हाय. पाखरू सांभाळता आलं की बाकीचं पण येतं."

गोदूबाई माझ्याच वयाची आहे. बोलते पण माझ्यासारखीच, फक्त मी बोलते ते खरं असतं. मी तेव्हाच ओळखलं, हे पाखरू नाही, हा पेपर आहे. मालूचा नव्हे, माझ्या घराचा. येत्या रविवारी रोहेकर यायचे होते. सुपारी फुटायची होती, तारीख ठरायची होती, आणि गोदूबाई आल्या आल्या आधी पिंजऱ्यात बघणार होती.

आणि रविवार तोंडावर आला असताना साहेबांच्या डाव्या पंखाला गाठ आली.

मालूनंच आधी बघितली. साहेब पंख जरा खाली टाकून बसले होते आणि चोचीनं तिथंच टोकरत होते. पिसं बाजूला सारली तर खाली पिवळट, गोल, टणक गाठ. मालूचं तोंड एवढंसं झालं.

"आजी, कायतरी झालंय गो ह्याला. मेला तर?"

"मरतो कसा? आधी केस लागंल."

"केस कसली? डॉक्टरला दाखवूया."

"डॉक्टर काय झालंय ते सांगंल. कुणी केलंय ते कोण सांगणार?"

आमच्या शेजारणीनं लगेच नजर लागल्याचं सांगितलं. मी ते निकालात काढलं. नजर लागली असं एकदा मानलं, की डिटेक्टिवला कामच उरत नाही.

पहिला संशय कारखान्यावर. मालूच्या कपड्यांना, केसांना, डब्याला रोज प्लास्टर लागलेलं असतं. त्यातला एक थेंब साहेबांच्या पंखावर पडला आणि सुकून गोळा झाला, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आमच्या ह्यांना कळलं नाही, म्हणून समजावून सांगितलं. ते "व्हय" म्हणाले. पिंजरा त्यांच्या हातात दिला, मालूला बरोबर घेतलं आणि हमरापूर गाठलं.

कारखान्याचा मालक जनू बिनरंगाच्या गणपतींच्या रांगेत बसून एका सोंडेला पॉलिश पेपर मारत होता.

"जनू, खरं सांग. पाखरावर प्लास्टर कुणी उडवलं?"

"आजी, आमी गणपती बनवतो. पाखरं नाय."

"उंदीर बनवता ना? तिथपर्यंत आलात, म्हणजे पाखराला किती वेळ?"

मालूनं साहेबांना हातात धरलं आणि जनूनं पंख नीट बघितला. प्लास्टरचं त्याला कळतं, एवढं मी मान्य करते.

"ही गाठ वरनं लागलेली नाय. कातडीच्या आतनं हाय."

"आतनं?"

"आतनं. वरनं असती तर मी पॉलिश पेपरनं..."

मालूनं पिंजरा उचलला आणि ती निघालीच.

पण तपास पुढं सरकला होता. बाहेरून नाही म्हणजे आतून. आतून म्हणजे गिळलेलं. आता गिळलं काय, एवढंच उरलं. परतीच्या वाटेवर मी हे ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "गिळलेलं पोटात जातं. पंखात कसं जाईल?"

"तुमच्या पोटात जातं. ते उडणारं पाखरू हाय, त्याचं सगळंच वर जातं."

घरी आले आणि उत्तर समोर दिसलं. बायजा, म्हणजे माझी सून, मालूची आई, ओसरीवर बसून वाल सोलत होती. बिरडं करायचं होतं. मोड आलेला वाल दोन बोटांत धरून दाबला, की साल हातात राहते आणि दाणा टुपकन ताटात पडतो. पिवळट, गोल, टणक. मी ताटातला एक वाल उचलला, पिंजऱ्याशी नेला आणि साहेबांच्या पंखाला लावून बघितला. भाऊ-भाऊ.

एवढ्यानं मी निष्कर्ष काढत नाही. डिटेक्टिव उतावीळ नसतो. मी चष्मा लावला. गाठीच्या टोकाला बारीक फट पडली होती, आणि त्या फटीतून पांढरट, वाकडं, टोकदार असं काहीतरी डोकावत होतं.

मोड आला होता.

माझा जन्म वालात गेला. भात कापलं की त्याच जमिनीत आम्ही वाल टाकतो. भिजत घालायचा कधी, बांधायचा कधी, किती उबेत मोड किती येतो, हे मी झोपेत सांगते. ओलं आणि ऊब मिळाली की वाल थांबत नाही. मग ती ऊब फडक्याची असो की साहेबांची. गोष्ट उघड होती. पाखरानं भिजलेला वाल गिळला, तो पंखात जाऊन अडकला आणि रुजला.

"बायजा, पाखराला वाल कुणी घातला?"

"आई, ते कांगणीचा एवढासा दाणा पण सोलून, साल टाकून खातं. त्याच्या तोंडात आख्खा वाल मावंल कसा?"

"मावला कसा, हेच तर रहस्य हाय."

"मी नाय घातला."

"तू नाय म्हणतेस म्हणजे तू घातला असणार. ज्यानं नाय केलं तो आधी 'काय झालं' असं विचारतो."

"काय झालं?" बायजानं विचारलं.

"आता उशीर झाला."

पण आधी रोग्याकडं बघायला हवं होतं. त्यात अवघड काय होतं? मोड आलेला वाल बाहेर कसा काढतात हे या घरातल्या पोरीबाळींनाही माहीत. दोन बोटांत धरायचा आणि दाबायचा. मी साहेबांना मुठीत घेतलं, अंगठा आणि तर्जनी गाठीवर ठेवली. त्यांचं काळीज माझ्या तळव्यावर धडधडत होतं, शिलाईच्या मशीनसारखं.

मालूनं माझं मनगट धरलं. तिनं माझा हात असा धरलेला मला आठवत नाही.

"आजी, सोड. एवढासा जीव हाय. रक्त आलं तर थांबायचं नाय."

"वालातनं रक्त येतं काय?"

"आजी, सोड म्हटलं ना."

सोडलं. भीतीनं नव्हे, पुरावा जपायला हवा होता म्हणून. पण मोड वाढू देऊन चालणार नव्हतं. बियाण्याच्या वालाला आम्ही राख चोळून ठेवतो. राखेत वाल कोरडा राहतो, रुजत नाही. मालू पाणी आणायला आत गेली तेवढ्यात मी चुलीतली मूठभर निवलेली राख साहेबांवर भुरभुरली. साहेब शिंकले. पाखरू शिंकतं हे त्या दिवशी कळलं. अंग झाडून त्यांनी निम्मी राख आमच्या ह्यांच्या चहात टाकली आणि राखाडी होऊन दांडीवर बसले, रिटायर झाल्यासारखे.

मालू बाहेर आली. फुंकर घालून घालून तिनं साहेबांना परत हिरवं केलं.

मी मात्र विचारात होते. आमचा वाल बारका, कडवा. साहेबांच्या पंखातला टपोरा. म्हणजे तो आमच्या शेतातला नव्हताच.

"सोलल्यावर सगळे वाल सारखेच दिसतात," आमचे हे म्हणाले.

"तुमी पिशवी धरा."

"पिशवी कुठं हाय आता?"

"नसली तरी धरा."

वाल आमचा नाही, म्हणजे रोह्याचा. पाखरू तिथून येतानाच वाल घेऊन आलं होतं. त्यांनी खोट असलेलं पाखरू आमच्या गळ्यात मारलं, रविवारी येऊन गाठ दाखवणार, आणि म्हणणार, एक पाखरू तुमच्या मुलीला सांभाळता आलं नाही! गोदूबाईचा डाव माझ्यासमोर आरशासारखा स्वच्छ होता. असा डाव मला सुचला असता तर मीही तेच केलं असतं. मी बायजाला फोन लावायला लावला.

"गोदूबाई, मी पेणवाली हौसा."

"बोला. पाखरू कसं हाय?"

"पाखरू बरं हाय. त्याच्यातला वाल पण बरा हाय."

"कुठला वाल?"

"तुमचा. पंखात हाय. मोड पण आलाय."

"आमच्यात पाखरांना वाल घालत नाय," गोदूबाई म्हणाली. "पाहुण्यांना घालतो. तुमी दोनदा मागून खाल्लात."

"खोट असलेलं पाखरू दिलंत ते दिलंत, वर माझं खाणं काढता?"

"खोट? आमच्या घरात खोट?"

"पाखरात हाय. घरातलं मी अजून तपासलेलं नाय."

हे शेवटचं वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

संध्याकाळी रोह्याहून परत फोन आला. गोदूबाई नव्हती, तिचा मुलगा बाबाजी, पुंडलिकचा बाप. शांत बोलला. शांत बोलणाऱ्या माणसाचं मला कधी काही चालत नाही. म्हणाला, रविवारी आमी येत नाय. ज्या घरात आमची खोट काढतात तिथं सुपारी कशी फोडायची? तुमचं काय ते ठरवा, मग बघू.

मालूनं ऐकलं. रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. पिंजऱ्यापुढं बसली आणि कांगणीची वाटी साफ करायला लागली. साफच होती वाटी.

"केस मिटली ना आजी तुझी? माझं लगीन पण मिटलं."

बायजा माझ्याकडं बघत होती. आमचे हे माझ्याकडं बघत होते. साहेब तेवढे दुसरीकडं बघत होते.

दुसऱ्या दिवशी मालू उठली, पिंजऱ्यावर ओढणी टाकली आणि म्हणाली, पुंडलिकचा फोन आला होता. रोह्याला जनावरांची डॉक्टरीण आहे, ती पाखरांना पण बघते. तो शिफ्ट बदलून येतोय. "मी चालले. कुणाला यायचं तर या." मी म्हटलं, केस अर्धवट सोडायची माझी रीत नाही. खरं तर पोरीला एकटीला त्या घराच्या गावात पाठवायचं मन होत नव्हतं, पण हे कुणाला सांगायचं कारण नव्हतं.

एसटीत पिंजरा ह्यांच्या मांडीवर.

"आजोबा, ओढणीखाली काय हाय?" कंडक्टरनं विचारलं.

"साहेब," आमचे हे म्हणाले.

कंडक्टर जरा सरळ उभा राहिला आणि पुढं गेला.

दवाखान्यात पोचलो तर पुंडलिक दारात, मागं बाबाजी, आणि बाकावर गोदूबाई. मला बघून तिनं पदर सारखा केला. मीही केला.

डॉक्टरीण तरुण होती, पायात गमबूट. पहाटेच कुणाच्या तरी अडलेल्या म्हशीला सोडवून आली होती. तिनं साहेबांना रुमालात धरलं, पंख उलगडला आणि गाठीवर हलकेच बोट फिरवलं. मी तिला सगळं सांगितलं. कारखाना, बिरडं, मोड, राख. ती मान हलवत ऐकत होती. शिकलेलं माणूस माझं इतकं नीट ऐकतं तेव्हा मला बरं वाटतं.

"म्हणजे तुम्ही गाठ दाबली नाहीत ना?"

"मालूनं दाबू दिली नाय."

"वाचलं मग. एवढ्या जीवात रक्त किती असणार? दाबून आत फुटलं असतं तर माझ्यापर्यंत आलाच नसता हा."

मी मालूकडं बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

"आणि वाल?" मी विचारलं.

"वाल नाही, आजी. पीस आहे."

"पीस?"

"ह्याचंच. माणसाला केसतूड होतो ना? तसंच काहीसं. नवीन पीस बाहेर यायचं ते कातडीतून निघालंच नाही, आतच वळत वळत वाढलं. त्याचा गोळा झाला. टोक तेवढं बाहेर डोकावतंय."

बाकावर गोदूबाईनं घसा साफ केला. मला तो खाकरा कळला.

"म्हणजे त्यानं स्वतःचंच पीस गिळलं," मी म्हणाले.

"नाही, आजी."

"बरं."

डॉक्टरीण म्हणाली, हे मुळासकट काढावं लागेल. पीस जिथून उगवतं ती जागाच काढायची, नाहीतर परत होणार. भूल द्यावी लागेल, आणि पाखरू एवढंसं असलं की भुलेचा भरवसा देता येत नाही. काढलं नाही तर टोकरून टोकरून जखम करून घेईल. "काय करू?"

ती मालूला विचारत होती. मालूनं पुंडलिककडं बघितलं. दोघांच्या मध्ये बाबाजी उभा होता.

"काढा," मालू म्हणाली.

आत त्यांचं काम चाललं आणि आम्ही बाहेर बाकावर बसलो. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला गोदूबाई, मध्ये आमचे हे. बिचाऱ्यांना दोन्हीकडून ऊब लागत असणार. मोड कसा आला नाही त्यांना, कोण जाणे.

"केसतूड निघाला," गोदूबाई समोरच्या भिंतीला म्हणाली.

"आतल्या आत वाढलेला," मी त्याच भिंतीला म्हणाले. "आतल्या गाठीची माणसं असतात, तशी पाखरं पण असतात."

"माणसं फोनवर कळतात."

"व्हय," आमचे हे म्हणाले. कुणाला म्हणाले ते मी अजून विचारलेलं नाही.

मालू दाराशी उभी होती. माझ्याकडं न बघता हळूच म्हणाली, "आजी, आता हा मेला तर हे लोक काय म्हणतील, ठाऊक हाय ना?" मला ठाऊक होतं. मी सगळ्या देवांना एकेक करून आठवलं. कुणावर संशय घेतला नाही.

साहेब जगले. डॉक्टरीण बाहेर आली तेव्हा तिच्या हातात रुमालाची गुंडाळी होती आणि त्यातून एक पिवळं तोंड बाहेर. डोळे अर्धे मिटलेले, पण चोचीत तोच जुना रुबाब. मालूनं रुमाल हातात घेतला आणि मग रडली. कालपासूनचं सगळं तेव्हाच रडून घेतलं.

कापसावर गाठ ठेवली होती. डॉक्टरणीनं ती मध्ये चिरून दाखवली. वर मेणासारखे पापुद्रे, आणि आत हिरवं पीस, मुडपलेलं, वळलेलं.

"आजी, लांबून वालच दिसतो," डॉक्टरीण म्हणाली. चांगली बाई आहे.

"हे होतं कशानं?" बाबाजीनं विचारलं.

"कधी पंखाला मार लागून. पिंजरा पडला, आपटला, पीस उपटलं गेलं. कधी वंशातच असतं. ह्याच्या आईबापांत कुणाला होतं का? असेल तर ह्याची जोडी लावू नका, पिल्लांना पण येईल."

"आमच्यात नाय," गोदूबाई म्हणाली. फार पटकन म्हणाली.

पुंडलिक स्वतःच्या चपलांकडं बघत होता. चपला साध्याच होत्या.

साहेबांना लगेच एसटीत हलवू नका, जरा उबेत शांत राहू दे, असं डॉक्टरीण म्हणाली. म्हणून गोदूबाईच्या घरी जावं लागलं. तिनं "चला" म्हटलं नाही, आम्ही "येतो" म्हटलं नाही. सगळे एकाच दिशेला चालत गेलो.

पडवीत पुंडलिकचे पिंजरे. गोदूबाई घाईनं पुढं झाली आणि खिडकीजवळचा पिंजरा भिंतीकडं सरकवून आली. सतरंजी टाकली. मालू आत चहाला मदत करायला गेली. बाबाजी पिंजऱ्यांकडं पाठ करून माझ्यासमोर बसला. पोराच्या पाखरांकडं तो कधी बघत नसावा.

"पाखराचं झालं ते झालं," तो म्हणाला. "जगलं, चांगलं झालं. पण फोनवर तुमी आमच्या घराची खोट काढलीत. डॉक्टरीण काय म्हणाली ते तुमी ऐकलं. मार लागून, नायतर वंशात. आमच्या वंशात नाय असं आई सांगते. मग तुमचं आता काय म्हणणं हाय? ते आधी मिटू दे. तारखेचं नंतर."

मी उत्तर द्यायच्या आधी खिडकीजवळच्या पिंजऱ्याकडं बघितलं. सवय आहे. माणूस बोलत असताना मी दुसरीकडं बघते. पिंजऱ्यात एक म्हातारं पाखरू होतं. हिरवं, पिवळ्या तोंडाचं, बसणं तेच, साहेबांचा बाप हे सांगायला नकोच. ते दांडीवर सरकलं आणि वळलं.

डाव्या पंखावर वाल. टपोरा.

खोट रोह्याहूनच आली होती. मी म्हटलं होतं तसंच. वाल नव्हता, एवढा तपशील सोडला तर माझा तपास शेवटपर्यंत बरोबर होता. माझ्या सगळ्याच केसेस बरोबर सुटतात. पण अशी, पुरावा स्वतः दांडीवर बसून माझ्याकडं बघतोय, ही पहिलीच. मी गोदूबाईकडं बघितलं. मी काय बघितलं ते गोदूबाईनं बघितलं होतं. तिचा पदराशी चाळा करणारा हात थांबला. एवढी गप्प बसलेली ती मी पुन्हा बघितली नाही.

एक बोट करायचं होतं फक्त. एवढंच म्हणायचं होतं, बाबाजी, जरा मागं वळा.

मालू चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. ट्रे हलत नव्हता. गणपतीचं बुबुळ आखताना ती श्वास रोखते, तशी उभी होती.

"पिंजरा पडला होता," मी म्हणाले. "आमच्याकडं. ओसरीवरनं. माझ्याच हातनं."

आमच्या ह्यांनी तोंड उघडलं. पिंजरा कधी पडलाच नव्हता हे त्यांना ठाऊक. मी त्यांच्याकडं बघितलं.

"व्हय," ते म्हणाले. "मोठ्यानं पडला."

"म्हणजे फोनवर तुमी जे बोललात..."

"माझा अंदाज चुकला." हे वाक्य मी आधी कधी वापरलेलं नव्हतं, त्यामुळं जरा अडखळत आलं. "तुमच्या घरात खोट नाय."

बाबाजी माझ्याकडं बघत राहिला. मग त्याचा चेहरा सैल झाला. मालूच्या ट्रेमधला कप त्यानं उचलला, एक घोट घेतला, आणि कप टेकवायला म्हणून खिडकीकडं वळला.

मी उठले. आमच्या ह्यांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि त्या पिंजऱ्यावर टाकला.

"वारा लागंल पाखराला," मी म्हणाले.

चैत्रातली दुपार होती. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं.

"वारा?" बाबाजीनं विचारलं.

गोदूबाई उठून पलीकडच्या बाजूला आली. टॉवेलचं मोकळं राहिलेलं टोक तिनं धरलं, खाली ओढलं आणि पिंजऱ्याच्या तारेत नीट खोचलं.

"लागतो," ती म्हणाली. "ह्या वयात फार लागतो."

मग माझ्याकडं न बघता आत तोंड करून ओरडली, "सुपारी आण गो कुणीतरी!"